खालची पट्टी

लतिकाने कराओकेच्या रिमोटवर गाण्याचा नंबर टाकला, पट्टी उतरवायला खालच्या बाणाचं बटण तीनदा दाबलं आणि दार नीट लागलंय ना ते पुन्हा एकदा पाहून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून ती गायला लागली. सॅन होझेच्या जपानटाउनमधल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी फारसं कुणी फिरकत नसे. पडद्यावर जपानी अक्षरं एकेक करून रंगत गेली आणि त्यांच्या मागोमाग तिचा जड, खर्जातला आवाज.

गाणं जुनं होतं. बंदरावर खानावळ चालवणाऱ्या एका बाईचं. कोळी जेवून निघून जातो, आणि ती त्याची वाटी धुऊन, पुसून, फळीवर वेगळी पालथी घालते. एवढंच. तो परत येतो की नाही, हे गाणं सांगत नाही.

गेला महिनाभर लतिका इथे तासाभरासाठी खोली घेऊन एकटीच हे गाणं म्हणत होती. आज मात्र ते चार माणसांत म्हणायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

चार माणसं म्हणजे कुमिकोची मंडळी. सांता क्लाराच्या एका जपानी कंपनीत लतिका भाषांतरं करायची आणि कुमिको तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. दर महिन्याला ही कुमिको लग्नाच्या वयाच्या, किंवा ते वय मागे टाकलेल्या, एकट्या माणसांना इथे गोळा करी. बदलीवर आलेले जपानी इंजिनिअर, इथेच शिकलेल्या जपानी मुली, आणि पुण्यात जपानी शिकून, जपानात नोकऱ्या करून, फिरत फिरत कॅलिफोर्नियात पोचलेले आपले लोक. रीत अशी की पहिली फेरी बायकांची. प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं, आणि कुणी कुठलं म्हणायचं ते लतिका ठरवायची.

तिचा कान पक्का होता. मुलगी दोन वाक्यं बोलली की तिचा आवाज कुठे खुलेल आणि कुठे फाटेल, ते लतिकाला कळे. ताटातुटीचं गाणं नको. फार अवघड नको. ध्रुवपदाला पुरुषांना टाळ्या वाजवत सामील होता आलं पाहिजे. "ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की तोही बरा गातो," ती मुलींना सांगायची. मुली हसायच्या, पण ऐकायच्या. तिने निवडलेल्या गाण्यांतून दोन-तीन लग्नं जमली होती, आणि त्या लग्नांत ती नटूनथटून, अक्षता टाकून आली होती.

हे शहाणपण जपानी नव्हतं. ते साताऱ्याहून, थेट आईकडून आलं होतं. मुलगी बघायला माणसं आली की गाणं आईच निवडायची. एकच कडवं, तान घ्यायची नाही, नजर सतरंजीवर. एकदा एका मुलाची आत्या पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाली, "आवाज जरा पुरुषी आहे हो." त्यानंतर कुणी विचारलं की आई परस्पर सांगून टाकी, "छे, आमच्या लतिकाला गाण्याचं अंग नाही." पुढे लतिकाही तेच सांगू लागली. इथे तर सगळ्यांना तेच माहीत होतं. त्या आत्याचा तिला कधीच राग आला नाही. आईचा आला होता, आणि आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो गेला नव्हता.

मग मागच्या महिन्यात तिची गाडी गॅरेजला होती म्हणून अनीशने तिला फ्रीमाँटला घरी सोडलं. अनीश टेक्ससमधल्या प्लेनोहून बदलून आलेला, घटस्फोट झालेला, दर महिन्याला येऊन कोपऱ्यात बसणारा आणि स्वतः कधी न गाणारा माणूस. फ्रीवेवर गाड्या तुंबल्या तेव्हा तो स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून गुणगुणायला लागला.

"कुठलं रे हे?" तिने विचारलं.

"ओसाकाला आमची घरमालकीण म्हणायची, भांडी घासताना. इकडे कोणी म्हणतच नाही, यार." थोडं थांबून तो म्हणाला, "डिव्होर्सनंतर तिकडे गेलो ना, तेव्हा रोज भिंतीपलीकडून हे ऐकू यायचं. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं."

त्या एका वाक्यावर आणि त्या गाण्यावर लतिकाने महिना काढला होता.

दारावर टकटक झाली. तिने गाणं झटकन बंद केलं. स्वानंदी आत आली. नागपूरची, फ्रीमाँटला एका कंपनीत टेस्टिंग करणारी, तिशीला टेकलेली, लख्ख आवाजाची मुलगी.

"लतिकाताई, बरं झालं तू आधीच आलीस. आज मला ते टाळ्यांचं गाणं नको ना. असं काही दे, की अनीश ऐकेल."

"अनीश?"

"कोणाला सांगू नकोस हं. मला तो आवडतो, ताई. सीरियसली. आई दर रविवारी फोनवर रडते म्हणून नाही काही." तिने लतिकाचा हात धरला. "त्याला काय आवडतं ते तुला नक्की माहीत असेल. तुला सगळ्यांचं माहीत असतं."

लतिकाला ‘ठाऊक नाही’ म्हणता आलं असतं. एखादं आनंदी, उडतं गाणं पुढे करता आलं असतं, आणि ते रीतीला धरूनच झालं असतं. तिने स्वानंदीच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावरचा विश्वास तिला सोसवेना. आई असती तर तिने हिच्यासाठीच गाणं निवडलं असतं, असं तिच्या मनात आलं.

"एक जुनं आहे," ती म्हणाली, आणि गाणं सांगितलं.

"अय्या, येतं मला! पुण्याच्या आमच्या बाईंनी शिकवलं होतं."

"मग फेरीच्या शेवटी म्हण. बाकी काही करू नकोस, नुसतं म्हण."

माणसं जमली. कुमिकोने बशा फिरवल्या. लतिकाने नेहमीप्रमाणे सगळ्यांची गाणी एकापाठोपाठ भरून ठेवली आणि रिमोट कुमिकोकडे दिला. मुली गायल्या, पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. अनीश कोपऱ्यात चहा पीत बसला होता.

शेवटी खानावळवाल्या बाईचे सूर सुरू झाले. अनीशने कप खाली ठेवला. माईक घेऊन उभ्या असलेल्या स्वानंदीकडे त्याने पाहिलं नाही. त्याने पाहिलं ते थेट लतिकाकडे. तिने मान खाली घातली.

स्वानंदीने पहिली ओळ उचलली आणि तिथेच ती अडखळली. गाणं फार खाली होतं. दुसऱ्या ओळीला तर तिचा आवाज पोचेचना, नुसती हवा येऊ लागली. मग लतिकाच्या लक्षात आलं. महिनाभराच्या सवयीने तिच्या बोटांनी नंबरानंतर खालचं बटण तीनदा दाबलं होतं. मुलीची पट्टी तिने याआधी कधी चुकवली नव्हती. रिमोट खोलीच्या पलीकडच्या टोकाला होता. कोणीतरी हसलं. स्वानंदीचे कान लाल झाले, तरी ती पोरगी माईक सोडेना.

तिला एकटीला तसं उभं ठेवणं लतिकाला बघवेना. बसल्या जागेवरून, माईक नसताना, तिने खालून सूर धरला. स्वानंदीला टेकू मिळावा, एवढाच तिचा हेतू होता. पण तो आवाज खोलीभर पसरला, आणि हसणारा गप्प झाला. स्वानंदी हळूहळू थांबली. कडवं लतिकाने एकटीने पुरं केलं. मग तिला भान आलं आणि तीही थांबली. वाद्यं एकटीच वाजत राहिली.

स्वानंदी कुमिकोजवळ गेली आणि तिने रिमोटवरून गाणं बंद केलं.

"ही पट्टी माझी नव्हती, ताई."

"चुकलं गं माझं. परत लावते तुझ्या पट्टीत. मला काही गाण्याचं अंग..."

स्वानंदीने कोपऱ्यात पाहिलं. अनीश खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता, आणि तो कोणाकडे पाहतोय ते सांगायला नको होतं. तिने डोळे पुसले आणि रिमोटवर तोच नंबर पुन्हा टाकला.

"किती खाली?" तिने विचारलं.

गाण्याबद्दल लतिकाला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं.

"तीन."

स्वानंदीने बटण तीनदा दाबलं. माईक लतिकाच्या हातात दिला आणि अनीशशेजारची रिकामी खुर्ची सोडून ती कुमिकोजवळ जाऊन बसली. पडद्यावर पहिली ओळ रंगू लागली. लतिका या खेपेला भिंतीकडे वळली नाही.