दाजींच्या अंगातला देव

पूर्णा गावच्या दाजींच्या अंगात देव रोजच यायचा, पण गावानं सोयीसाठी मंगळवार ठरवून घेतला होता. चाळिशीत दाजींचे हात आपोआप उडू लागले, चाल नाचल्यासारखी झाली. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. शेजारच्या वळ गावाहूनही माणसं नारळ घेऊन यायची. हरवलेली म्हैस कुठाय विचारलं की दाजींचा हात कुठंतरी उडायचा. त्या बाजूला म्हैस सापडली तर देवाची कृपा. नाही सापडली तर म्हशीचं नशीब.

दाजींची मुलगी कमळ भिवंडीत कापडाच्या लूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. शहात्तर साली ती बापाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरनं आधी आजोबांची चौकशी केली, मग सांगितलं की हा मेंदूचा रोग, रक्तातून उतरतो. औषध नाही. बापाला असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. आधी कळावं अशी तपासणी अजून निघालेली नाही, पस्तिशी-चाळिशीपर्यंत वाट बघायची. कमळ बावीस वर्षांची होती.

आई जानकीबाईंनी तिला तोंड बंद ठेवायला बजावलं. देवाच्या घरची पोर कुणीही करील, रोगाच्या घरची कोण करणार? यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मग अंबाडीचं स्थळ आलं. मुलगा पंढरी, त्याचा बाप काळूराम आणि आत्या गोदूबाई. देवाच्या घरी सोयरीक, म्हणून दोघं मोठी माणसं आधीच खूश. कमळनं चहाचा ट्रे आणला. गोदूबाईनं दाजींपुढं हात जोडले आणि ही सून घरात आणावी का, असं विचारलं. दाजींचा हात मांडीवर वळवळला, वर गेला आणि थेट ट्रेवर आदळला. कप फुटले.

"उजवा हात हाय," गोदूबाई म्हणाली. "कौल मिळाला."

लग्न ठरलं होतं. कमळनं फक्त गप्प बसायचं होतं.

"आत्या, हा देव न्हाय, रोग हाय," कमळ म्हणाली. "आज्याला होता, बापाला हाय. मलाबी असंल, नसंल. माझ्या पोरांनाबी."

बोलताना ती कापत होती. गोदूबाईनं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं, पदर सावरला आणि तिच्या पाया पडली.

"हिच्याबी अंगात आलं."

काळूरामनं टोपी सारखी करून नमस्कार केला. कमळनं पुन्हा समजावून सांगितलं. ते पुन्हा पाया पडले.

पंढरी तेवढा पाया पडला नाही. तो खाली बसून कपाचे तुकडे गोळा करत होता. मान वर न करताच त्यानं हळूच विचारलं, डॉक्टर कुठल्या वारी भेटतो.

"मंगळवारी," कमळ म्हणाली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. हातातून कांडी पडली की कमळ आधी कांडीकडं नाही, हाताकडं बघायची. गुरुवारी शिफ्ट सुटली तेव्हा शेडच्या फाटकाशी पंढरी उभा होता.

"जाऊन आलो," तो म्हणाला.

कमळ फाटकाच्या आतच थांबली.

"पोरं नकोत आपल्याला. बाकी लग्नाला डॉक्टरची हरकत न्हाय."

कमळचा हात थरथरला. तो थांबेपर्यंत दोघंही त्या हाताकडं बघत उभी राहिली.