दोन अंगणांमधली ताटी

मित्रांनो, मी बांबूची ताटी. आता जुनी झाले आहे, वाकले आहे, माझ्या काही कामट्या निखळल्या आहेत. कोणी मला विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

जलांगी नदीच्या काठच्या एका गावात, विश्वासांच्या घरी माझा जन्म झाला. ज्या बांबूंची मी झाले ते आधी पावसाळाभर तळ्याच्या चिखलात बुडवून ठेवले होते. तसे केले की बांबूला भुंगा लागत नाही. मग छपरे शाकारणाऱ्या मदन घरामीने त्यांच्या कामट्या काढल्या, मला विणले आणि काथ्याच्या दोन दोरांनी एका खांबाला बांधले. एक दोर वर, एक खाली. त्या दोरांवर मी दारासारखी फिरत असे.

मला करवून घेतले खांतपिसीने. ती घरातल्या दोघा भावांची आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि इथेच म्हातारी झाली. थोरला द्विजपद आणि धाकटा सुबल यांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. अंगणाच्या मधोमध तागाच्या काड्यांचे कुंपण उभे राहिले होते. येण्याजाण्यापुरती एक फट तेवढी ठेवली होती. थोरल्याच्या अंगणात पिसीच्या बदकांचे खुराडे होते. ती बदके म्हणजे तिची सगळी माया. संध्याकाळी ती तळ्याच्या काठी उभी राहून "चोई चोई" अशी हाक मारी, आणि ती पाण्यावरून रांगेने घरी येत.

सुबलने एके दिवशी बाजारातून कुत्र्याचे पिल्लू आणले. त्याच्या मुलीला, टुकूला ते हवे होते. तिने त्याचे नाव भुलू ठेवले. थोड्याच दिवसांत भुलू त्या फटीतून पलीकडे गेला आणि एका बदकाच्या पिल्लाच्या मागे लागला. पिल्लू पळाले, म्हणून तो धावला. धावला, म्हणून सापडले. त्याने ते तोंडात धरून हलवले आणि ते मेले.

द्विजपदची बायको निभा म्हणाली की कुत्रा नदीपार सोडून या. सुबल म्हणाला की मग बदकेच कोंडून ठेवा. शब्दाला शब्द लागला. पिसी मेलेले पिल्लू पदरात घेऊन बसली होती. ती एवढेच म्हणाली, "पळणाऱ्याच्या मागे धावणं हे त्याच्या रक्तात आहे. रक्ताला शिव्या देऊन काय होणार? अक्कल आपल्याला दिलीय ना?"

दुसऱ्या दिवशी तिने मदनला बोलावले आणि त्या फटीत मी उभी राहिले.

पण नुसते दार लावून ती थांबली नाही. सकाळी सुबलला ती सांगे की आधी कुत्र्याला नदीच्या बांधावर पळवून आण, दमव, मग बाकीचे. भुलू दमून आला की ती त्याच्या गळ्यातली दोरी आपल्या कमरेला बांधी आणि माझ्याजवळ पाटावर बसे. मग निभा पलीकडे खुराडे उघडी. बदके डुलत डुलत माझ्यासमोरून जात. भुलूचे सगळे अंग थरथरे. माझ्या फटींतून त्याचा गरम श्वास मला लागे. पिसी ओढत नसे, मारत नसे, ओरडतही नसे. ती वाट पाही. केव्हातरी भुलूची नजर बदकांवरून निघून तिच्याकडे वळे, आणि त्याच क्षणी ती त्याच्या तोंडात माशाचा तुकडा घाली.

निभाला ते पटत नव्हते. विधवेने मासळीला हात लावलेला तिला बघवत नसे. ती एकदा बोललीच, "पिसी, जन्मभर पाळलंत आणि आता एका कुत्र्यासाठी सोडलंत?"

"मी खात कुठे आहे?" पिसी म्हणाली. "मी देतेय." आणि ती तळ्यावर हात धुवायला गेली.

हळूहळू भुलू शिकला. बदके निघाली की तो आपणहून माझ्यापाशी येऊन बसे आणि पिसीच्या डोळ्यांकडे बघे. पुढे तर बदके त्याच्या शेपटीजवळून जात आणि तो जांभई देई. गावातले लोक मुद्दाम बघायला येत. म्हणत, कुत्र्याला वैष्णव केला हिने. माझेही कौतुक होई. मदन घरामी माझ्यावर हात फिरवून सगळ्यांना सांगे की हे माझे काम.

तरीही पिसी मला लावल्याशिवाय कधी उठली नाही. टुकूने विचारले की आता कशाला, आता तो शहाणा झाला ना? पिसी म्हणाली, "शहाणा झाला, पण कुत्राच आहे. तू शहाणी झालीस म्हणून मी तुला विळीपाशी एकटी सोडते का?"

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. ते फार टिकले नाहीत. पौषाच्या थंडीत पिसीला छातीचा कफ झाला आणि ती गेली.

बदके निभाकडे राहिली. पिसीचे श्राद्ध होते न होते तोच दोघा भावांमध्ये तळ्यातल्या माशांच्या वाटणीवरून बिनसले आणि बोलणे बंद झाले. भुलूला बांधावर नेणे सुबलने सोडले. तो दिवसभर फणसाच्या झाडाला बांधलेला असे. आखूड दोरीवर गोल गोल फिरे आणि भुंके. माशाचा तुकडा नाही, कोणाचे डोळे नाहीत.

पावसाळा आला. पावसात माझा खालचा दोर कुजला आणि तुटला. मी एका दोरावर तिरकी लोंबू लागले. खालून ढकलले की कोंबडीसुद्धा आत जाईल अशी माझी गत झाली.

वीतभर काथ्याचे काम होते.

निभा आपल्या अंगणातून मोठ्याने म्हणे, "कुत्रा ज्याचा, दात ज्याचा, त्यानंच दार बांधावं." सुबल आपल्या ओसरीवरून म्हणे की बदके ज्यांची, जीव ज्यांचा, त्यांनी सांभाळावे. द्विजपद काही बोलत नसे. तो माझ्याकडे बघून जाई आणि येई.

सुबलची बायको मिनती सरळ बाई होती. तिने नवऱ्याला सांगून पाहिले की मदनला बोलवा, मी जेवण घालीन त्याला. तो म्हणाला, "आपण दुरुस्त केली म्हणजे आपला दोष कबूल केल्यासारखं होईल. दादाला तेच हवंय."

मग मिनतीने आपल्या जुन्या साडीचा लाल काठ फाडला आणि मला खाली खांबाशी बांधून टाकले. दोन दिवस मी सरळ उभी होते. तिसऱ्या दिवशी निभाच्या नजरेला तो लाल काठ पडला. तिला वाटले की जावेने काही करणी केली आहे. तिने विळ्याने तो कापला आणि काठीने उचलून लांब फेकून दिला. मिनती समोरच उभी होती.

"दीदी, तो बदकांसाठी बांधला होता," ती म्हणाली.

"माझ्या बदकांचं भलं तू बघू नकोस," निभा म्हणाली.

मिनतीने पुन्हा काही बांधले नाही.

त्यानंतरची गोष्ट सांगताना मला अजून राग येतो. एका दुपारी एक बदक तळ्याच्या कडेने फिरत फिरत सुबलच्या पालकाच्या वाफ्यात शिरले. सुबल तिथेच बसला होता. भुलू त्या वेळी सुटा होता. बदक बघून तो आपणहून खाली बसला आणि पिसीकडे बघायचा तसा मान वर करून सुबलकडे बघू लागला. सुबल हसला. पलीकडे निभा ऐकते आहे हे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, "छू, भुलू! छू!"

भुलू आधी उठलाच नाही. त्याला कळेना. सुबलने पुन्हा म्हटले आणि बदकाच्या दिशेने ढेकूळ फेकले. बदक फडफडले, पळाले, आणि भुलू सुटला. त्या खेपेला बदक वाचले, पाण्यात गेले. शेपटीची पिसे तेवढी भुलूच्या तोंडात राहिली. सुबलने त्याची पाठ थोपटली.

"बाबा, पिसीठाकुमाने याला असं करू नको म्हणून शिकवलं होतं," टुकू म्हणाली.

"घाबरवलं नुसतं. मारलं कुठे?" सुबल म्हणाला.

पिसीने अख्खे वर्ष घालून जे शिकवले होते ते त्याने एका शब्दात पुसले. आणि शाबासकीही दिली.

माघात सरस्वती पूजेच्या दिवशी सगळे गाव शाळेच्या मंडपात होते. दोन्ही घरांत कोणी नव्हते. आकाश भरून आले म्हणून बदके लवकर पाण्यातून निघाली आणि थोरल्याच्या अंगणात येऊन हाकेची वाट बघत उभी राहिली. भुलूने दोरी चावून तोडली. तो माझ्यापाशी आला. मी माझ्या परीने अडले. वरचा दोर होता, तेवढ्यावर जेवढे अडता येते तेवढे अडले. त्याने डोके खाली घालून मला ढकलले आणि मी बाजूला झाले.

एकाला धरले की तो हलवी आणि टाकून देई, कारण दुसरे पळत असे. खाल्ले त्याने एकही नाही. अंगणात पळणारे काही उरले नाही तेव्हा तो थांबला. एक बदक तेवढे लाकडांच्या ढिगामागे दडून राहिले, म्हणून वाचले. मग भुलू जीभ बाहेर काढून माझ्याजवळ येऊन बसला आणि सुबलच्या ओसरीकडे बघत राहिला. शेपटी जमिनीवर आपटत होता. त्याला वाटत होते की आता कोणी येईल आणि पाठ थोपटेल.

आधी मिनती आली. तिने अंगण पाहिले आणि तोंडावर पदर धरला. मग निभा आली. मला वाटले, आता आकाशपाताळ एक होणार. तसे झाले नाही. तिने एकेक बदक उचलून ओळीने ठेवले, त्यांच्या माना सरळ केल्या आणि तिथेच मातीत बसून राहिली.

सुबलने भुलूला काठीने मारले. खूप मारले. कशाबद्दल ते भुलूला कळले असेल असे मला वाटत नाही.

दोन दिवसांनी सकाळी द्विजपद माझ्यापाशी आला. घरात तोच एक असा होता जो आजवर कोणाला वाकडा शब्द बोलला नव्हता. त्याच्या हातात केळीच्या पानावर भात आणि मासे होते, आणि वांग्यांवर फवारायच्या औषधाचा वास येत होता. माशाचा वास आल्याबरोबर भुलू लंगडत आला. पिसीने शिकवले होते तसा नीट बसला. वर द्विजपदच्या डोळ्यांकडे बघितले. द्विजपदने मान फिरवली आणि ते पान माझ्या खालून आत सरकवले.

दुपारी टुकू शाळेतून आली तेव्हा भुलू फणसाखाली आडवा होता. तिने त्याला हाका मारल्या. मग ती माझ्यापाशी आली. पलीकडून सरकवलेले केळीचे पान तिथेच पडले होते, त्याला अजून औषधाचा वास येत होता. ती माझ्या फटीला तोंड लावून पलीकडे म्हणाली, "जेठामशाय, तुम्हाला तर तो ओळखत होता." पलीकडे तिचा थोरला काका द्विजपद होता. तो पाठ फिरवून घरात गेला. त्यानंतर तो माझ्यासमोरून कधी गेला नाही.

मित्रांनो, पुढे काय झाले ते ऐका. दोघा भावांनी विटांची भिंत घातली. वीतभर काथ्या बांधायला ज्यांना महिनोन्‌महिने सवड झाली नाही, त्यांनी चार दिवसांत गवंडी आणला, आणि दोघांनी निम्मा निम्मा खर्च केला. गेल्या कितीतरी काळात त्यांनी मिळून केलेले ते एकच काम. मला उपटून तळ्याच्या वाटेवर चिखलात टाकले. लोक माझ्यावर पाय देऊन घाटावर जातात.

या उन्हाळ्यात निभाने बदकांची नवी पिल्ले घेतली आहेत. सुबलने टुकूसाठी नवे कुत्रे आणले आहे. टुकूने त्याला अजून नाव दिलेले नाही. परवा मिनतीने नवऱ्याला विचारले की याला बांधावर कोण नेणार, शिकवणार कोण? तो म्हणाला, "आता भिंत आहे ना."

भिंत आहे, पण ती तळ्याच्या काठाशी संपते. भुलू पाण्याला भीत असे. हे पिल्लू माझ्यावरून उड्या मारत घाटावर जाते आणि सरळ पाण्यात शिरते. काल ते बरेच आतपर्यंत पोहत गेले होते. पलीकडच्या बाजूला निभाची पिल्ले पोहत होती. मी हे सगळे बघते, आणि माझ्याने उठवत नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. घरात कुत्रा आणि पाखरे दोन्ही असतील तर त्यांना एकटे सोडून जाऊ नका. कुत्र्याला रोज दमवा, धीराने शिकवा, आणि गमतीनेसुद्धा त्याला कोणाच्या अंगावर सोडू नका. आणि मधल्या दाराचा दोर तुटलेला दिसला तर ते दार कोणाचे, हे विचारत बसू नका. आधी बांधा.