भोंग्याच्या वेळची काच

आमच्या ह्यांचा घड्याळापेक्षा भोंग्यावर विश्वास. बाळकुमला राहायचो आम्ही. कोलशेतच्या बाजूला नवा कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या सकाळच्या भोंग्यावर सगळी वस्ती घड्याळं लावायची. हे ठाण्याच्या शाळेत शास्त्र शिकवत. आमच्या नीलाला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "हवेत काजळी असेल तर पोरीला इथे ठेवू नका. नसेल तर औषधावर भागेल." झालं, ह्यांनी हवा मोजायला काढली.

काजळी चिकटावी म्हणून काचेला व्हॅसलीन चोपडायचं, भोंगा झाला की ती गच्चीवर मांडायची आणि आमटीला उकळी फुटली की उचलायची. "शास्त्रात वेळ पाळावी लागते," हे म्हणायचे. रोज तीच वेळ, तीच जागा, आणि काच रोज स्वच्छ. मी मनातून सुखावायचे. नाहीतर पोरीला वाईला नणंदेकडे ठेवावं लागलं असतं.

पण मग धुणं? दुपारी दोरीवरून काढावं तर त्यावर काळे ठिपके. हे म्हणाले, "अगं, नीट खळबळत नसशील." संसाराला एवढी वर्षं झाली आणि आता मला धुणं येईना! चिडून मी साबण बदलला, दोरी बदलली, गच्ची घासली. ठिपके हटेनात. एकाच गच्चीवरची काच खरी की लुगडं खरं? पोर धापा टाकते आणि काच म्हणते हवा छान आहे. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

एका सकाळी भोंगा झाला तशी नीला अंथरुणातून म्हणाली, "आई, भोंगा वाजला की मला बरं वाटतं."

"ते का गं?"

"माहीत नाही. मग परत छाती भरते."

मी तिला वेडाबाई म्हटलं, पण आमटी ढवळताना ते मनातून जाईना. शेवटी गच्चीवर गेले. भोंग्याला पाळी बदलते, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जाणारे निघालेले, येणारे अजून डबे ठेवतायत. भट्टीत कोळसा टाकणार कोण? धुराड्यातून नुसती रेघ निघत होती. हे काच उचलून खाली गेले. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने काळा लोट उठला आणि आमच्याकडे वळला. खाली नीला खोकायला लागली.

मी दुसरी काच चोपडून मांडली आणि दिवसभर राहू दिली. उचलली तेव्हा तिच्यावरच्या काजळीत बोटाने नाव लिहिता आलं असतं. पदराने पुसली असती तर कुणाला कळलं नसतं, आणि नीला माझ्यापाशी राहिली असती. पदर हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे.

संध्याकाळी दोन्ही काचा ह्यांच्यापुढे ठेवल्या. हे गोंधळले. "यातली खरी कुठली?"

"दोन्ही. तुम्ही भोंग्याची हवा मोजलीत. पोर दिवसभर श्वास घेते."

ह्यांनी दोन्ही काचा उजेडात धरून पाहिल्या. माळ्यावरची ट्रंक त्यांनीच खाली काढली.

मी फ्रॉक झटकून भरत होते, तेव्हा नीला जवळ येऊन बसली.

"आई, वाईला भोंगा असतो का गं?"

"नाही, बाळा."

"मग मला बरं कधी वाटणार?"