बाराव्या मजल्यावरचं जाळं

आईने तिच्या जुन्या सुती साड्यांचे तीस लंगोट शिवून दिले होते. धुऊन धुऊन विरलेल्या, मऊ साड्या. अबोली, गवती, जांभळ्या बुट्ट्यांच्या. बाळंतपण आटोपून बार्शीहून नायगावला येताना सगळ्यात आधी मी तेच बॅगेत भरले. बार्शीच्या अंगणात वाळत घातलेलं कापड उडालं तर फार तर शेजारच्या पेरूवर जाऊन बसतं. इथे चौदावा मजला आणि समोर खाडी. त्या वाऱ्याला चिमट्यांची काही किंमतच नाही. पहिल्याच आठवड्यात दोन लंगोट मिठागरांच्या दिशेने उडाले, आणि लेकीला, क्षितिजाला, कडेवर घेऊन मी त्यांना टाटा केला.

दोन दिवसांनी ते परत आले. दाराच्या कडीला कागदी पिशवी, आत दोन्ही लंगोट. घडी घातलेले. इस्त्री केलेले!

"लंगोटाला इस्त्री?" माझा नवरा हर्षवर्धन म्हणाला. "इथे माझ्या शर्टाला मिळत नाही."

पुढे हे असंच चालू राहिलं. वारा न्यायचा, पिशवी आणायची. कोण ठेवतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण दारावर मीच चिठ्ठी चिकटवली होती, 'बाळ झोपलं आहे, बेल वाजवू नये'. चार महिने बेल वाजली नाही. माणसंही आली नाहीत.

क्षितिजाला सातवा महिना लागला आणि उष्टावण ठरलं. मुलीचं विषम महिन्यात करतात आणि पहिला घास मामाने भरवायचा असतो. माझा भाऊ आयुष शनिवारी निघणार होता. गुरुवारी त्याचा फोटो आला. अंगभर फोड, खाली कडुलिंबाचा पाला. 'ताई, कांजिण्या. हसू नकोस.'

मी हसले. मग सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, फोन आला आणि हसू गेलं.

"मामाशिवाय कसलं उष्टावण?" आत्याबाई म्हणाल्या. "मी रविवारी सकाळी येते आन् दोघींना घेऊनच जाते. तुझे चुलत, मावस, पोत्यानं भाऊ आहेत इकडं. आलीस की राहा, पोरगी चालायला लागेस्तोवर. तिथं तुमचं हाय तरी कोण?"

हर्षवर्धन "बघू" म्हणाला. त्याचं आईपुढचं 'बघू' म्हणजे 'हो'.

मला जायचं नव्हतं. भरती आली की खाडी पार आमच्या बिल्डिंगजवळ सरकते आणि क्षितिजा पाय झाडायला लागते. पुलावरून गाडी गेली की तिला हसू फुटतं. रात्री हर्षवर्धन दारातच बूट काढता काढता विचारतो, "कुठायत माझी माणसं?" आणि ती माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे झेपावते. हे सगळं पाच-सहा महिने बंद करून ठेवायचं? बापाला तिने फोनवर बघायचं? पण आत्याबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. खरंच, आमचं इथे कोण होतं?

शनिवारी दुपारी गॅलरीत उभी असताना अबोली लंगोट सुटला. मी वाकून बघितलं. तेरावा मजला रिकामाच आहे, अजून विकला गेलेला नाही. लंगोट तो ओलांडून खाली गेला आणि अचानक हवेत थांबला. बाराव्या मजल्याच्या गॅलरीतून बांबूच्या दोन काठ्या बाहेर आलेल्या, त्यांना मासेमारीचं जुनं निळं जाळं ताणून बांधलेलं. एक हात बाहेर आला आणि त्याने लंगोट अलगद आत घेतला.

म्हणजे हेच ते जाळं! दोनच दिवसांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी हितेशभाईंचा मेसेज होता, '१२०४ यांनी गॅलरीबाहेर जाळं बांधलं आहे. बिल्डिंगची शोभा जाते. रविवारपर्यंत काढावे.' एका हाताने बाळाला पाजत, पुरतं न वाचताच मी त्यावर अंगठा दिला होता. म्हटलं, नवीन आहोत, दिसावं आपण सोसायटीच्या बाजूचे.

क्षितिजाला उचललं आणि जिन्याने दोन मजले उतरले. १२०४चं दार उघडंच होतं. एक बाई टेबलावर लंगोट पसरून इस्त्री फिरवत होत्या, पन्नाशीचे एक गृहस्थ जाळ्याची गाठ सोडत होते.

"अहो काका, सोडू नका!" मी दारातूनच ओरडले.

ते दचकले. बाई हसल्या. "या या. ही लंगोटांची मालकीण ना? मी विनिता. हे स्टॅनी. बोलत नाहीत, फक्त झेलतात."

"मी... तो अंगठा..."

"एकतीस अंगठे आले," विनिताबाई म्हणाल्या. "तुमचा नववा."

"विनिता," स्टॅनीकाका पहिल्यांदा बोलले, "तिला बसू तर दे."

बसले. बाळ त्यांनी मागितलं नाही, तिनेच हात पुढे केले. ते मूळचे इथल्याच निर्मळ गावचे. घराच्या वाटण्या झाल्या, भावाकडे केळीची वाडी राहिली, यांच्या वाट्याला हा फ्लॅट आला. स्कूटरवर पाऊण तासाचं अंतर.

"तू बार्शीहून आलीस," ते म्हणाले, "तुला परकं वाटणारच. मी आपल्याच तालुक्यात परका झालो. गावात चर्चला जायला निघालं की दहा हाका यायच्या. इथे सहा महिन्यांत आमच्याकडे आपणहून आला तो हा." त्यांनी अबोली लंगोट वर धरला. "पहिला तोंडावरच बसला. पेपर वाचत होतो."

"तेव्हापासून वाट बघतात," विनिताबाई म्हणाल्या. "वारा पडला की म्हणतात, आज काही नाही. मग किनाऱ्यावरच्या कळंबच्या श्रीपत कोळ्याकडून जाळंच घेऊन आले. म्हणे, पोरीचे कपडे चिखलात जायला नकोत."

"मग बेल का नाही वाजवलीत कधी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "चिठ्ठी आहे ना तुमच्या दारावर," स्टॅनीकाका म्हणाले.

क्षितिजाने त्यांचा चष्मा ओढला. मी डोळे मिटून म्हणून टाकलं, "उद्या अकराला हिचा मामा व्हाल?"

आयुषच्या कांजिण्या, आत्याबाईंचं बोलणं, सगळं सांगितलं. मग दोघं आपल्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण विनिताबाई कपाटातून पांढरा शर्ट काढायला लागल्या. "चर्चमधली सातची मिस्सा करून येतो," काका म्हणाले.

रविवारी आठला हर्षवर्धन आत्याबाईंना स्टेशनवरून घेऊन आला. अंघोळ करून त्यांनी आपला परकर स्वतःच गॅलरीत वाळत घातला.

"आत्याबाई, वारा फार आहे, आत घालूया."

"बार्शीला वारा नसतो व्हय? मला शिकवू नको. आन् बॅग भरलीस का?"

"मामा मिळालाय," मी म्हणाले.

अकराला दारावर हळूच टकटक करून स्टॅनीकाका आले. कडक पांढरा शर्ट, हातात भावाच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची फणी. आत्याबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे मामा? आन् कधीपासून?"

"कालपासून," काका म्हणाले.

"भाऊबीज झाली का कधी?"

"नाही."

"मग कशावरून मामा?"

काका केळी धरून उभेच. हर्षवर्धन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. आणि तेवढ्यात बेल वाजली. चार महिन्यांतली पहिली बेल! क्षितिजाने सुद्धा मान वळवली. दारात विनिताबाई, हातात कागदी पिशवी.

"उशीर झाला हं," त्या म्हणाल्या. "हा मोठा होता, इस्त्रीला वेळ लागला."

पिशवीतून पिस्ता रंगाचा परकर निघाला. कडक, चौकोनी घडीचा. आत्याबाई गॅलरीत धावल्या. दोरी रिकामी. त्यांनी वाकून खाली जाळ्याकडे पाहिलं, मग परकराकडे, मग काकांकडे. काका छताकडे बघत होते.

"ह्यो... ह्यांनी झेलला?"

"हो," विनिताबाई म्हणाल्या. "पण डोळे मिटून."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. हसता हसता त्यांनी चौरंग पुढे ओढला. "बसा पाव्हणं. लग्नात मामा पोरीच्या मागं उभा राहतो, ह्यो खाली उभा राहिला. त्यात काय एवढं!"

खीर सोन्याच्या अंगठीने चाटवायची, आणि अंगठी आत्याबाई बार्शीलाच विसरल्या होत्या. काका आपली लग्नातली काढायला लागले. सव्वीस वर्षांत ती बोटातून हलली नव्हती. तूप लावलं, साबण लावला, विनिताबाईंनी ओढली. "लग्न मोडायला निघालात काय," आत्याबाई म्हणाल्या, आणि टपकन अंगठी निघाली. खिरीचा पहिला थेंब जिभेवर पडताच क्षितिजाने तोंड वाकडं केलं, विचार केला आणि मामाचं अख्खं बोट तोंडात ओढलं.

बारा वाजता हितेशभाई जाळं काढलं का ते बघत वरपर्यंत आले. आत्याबाईंनी त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली.

"जाळं काढलं तर माझी नात उघडी फिरंल. चालंल का तुमच्या बिल्डिंगच्या शोभेला?"

हितेशभाईंनी खीर संपवली. "पण आंटी, रंग तरी बिल्डिंगला मॅच होणारा लावा," म्हणाले. मी ग्रुपवरचा माझा अंगठा काढून घेतला. संध्याकाळपर्यंत आणखी बरेच निघाले.

मंगळवारी आत्याबाई एकट्याच परत निघाल्या. लिफ्टपाशी थांबून म्हणाल्या, "आता उन्हाळ्यात पोरगी मामाच्या गावाला कुठं जायाची?"

"दोन मजले खाली."

"मग लिफ्टनं नको. चालत जाऊ दे. पाय बळकट व्हतील."

त्यांना सोडून आल्यावर मी दारावरची चिठ्ठी काढून टाकली. त्याचं फळ आत्ता भोगते आहे. बाळाच्या अर्ध्या तासाच्या झोपेत हे एवढं लिहिलं, आणि बेल वाजली. क्षितिजा उठून बसली आहे. बाहेरून विनिताबाई विचारतात, "आहात का? तुमची जांभळी बुट्टी आलीय!"