छपरावरचे मुके पत्रे आणि मी

मी जनरेटर बोलतोय. ओरडून बोलतो, कारण हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. नायजेरियातल्या इबादान शहरात, रसाकी न्हाव्याच्या घरामागे एका फाटक्या टायरवर माझं बूड टेकलंय. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान.

खोक्यातून निघालो तेव्हा लाल होतो. आता नुसती काजळी आणि गंज. शहराची वीज गेली की रसाकी माझी दोरी ओढायचा. मी खोकायचो, शिव्या खायचो, मग सुरू व्हायचो. त्याचं केस कापायचं मशीन माझ्या जिवावर. अर्ध्या वस्तीची डोकी मीच भादरली म्हणा ना.

पण त्याची बायको, मोजिरोला तिचं नाव, माझ्यावर कायम खार खाऊन. पेट्रोलची रांग, घरभर धूर, आणि त्यांच्या पोरीचा, अबेनीचा, खोकला. शेवटी तिने भिशीचा पैसा उचलला आणि छपरावर सोलरचे पत्रे बसवले, खाली जाडजूड बॅटरी. रसाकी कुरकुरला, एवढ्यात कितीतरी वर्षांचं पेट्रोल आलं असतं. ती म्हणाली, "आणि धूर? तो फुकटात मिळत होता, नाही का?"

मला पोत्याखाली झाकलं.

खोटं कशाला बोलू, पत्रे कामसू निघाले. मशीन चाले, पंखा फिरे, पोरीचा खोकला थांबला. ढग आले की ते आळसावतात आणि धुळीच्या दिवसांत रोज पुसून घेतात, हे मी मुद्दाम सांगतोय. पण खायला काही मागत नाहीत, हेही खरं.

तरी गिऱ्हाईक आटलं. रसाकी रिकाम्या खुर्चीत बसून आकारा भजी खाई. एक दिवस म्हणाला, पत्रे परत देऊन टाकू, येतील तेवढे पैसे घेऊ. मोजिरोला फडकं घेऊन उठली. छपरावर चढून पत्रे पुसत बसली.

तिथून मोठा रस्ता दिसतो. खालून म्हातारे अल्हाजी मुफुताऊ चालले होते. शुक्रवारच्या नमाजाआधी डोकं करायला ते नेहमी आमच्याकडे यायचे. आज डोकं चकचकीत, पण दुसऱ्याच्या हातचं.

"अल्हाजी बाबा, डोकं छान झालंय. कुणी केलं?"

"तुमचं दुकान बंद ना, पोरी."

"बंद? तो आत माश्या मारतोय."

"मग आवाज कुठाय? आम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी कान देतो. तो तुमचा म्हातारा जनरेटर ओरडत असला तरच हा चढ चढायचा. उगाच कोण पाय मोडून घेईल?"

मोजिरोला हसतच शिडी उतरली आणि सरळ माझ्याकडे आली. पोतं ओढून काढलं. "अबेनीचे बाबा, थोडं पेट्रोल आणा."

"म्हणजे पत्रे काढायचे?"

"पत्रे काम करतील. हा नुसती बोंब मारेल."

तेव्हापासून सकाळी आकारा भज्यांचा एक घाणा तळून होईपर्यंत मी ओरडतो. चढावर चपला वाजायला लागतात. मग मला गप्प करतात आणि वरचे मुके पत्रे कामाला लागतात. शुक्रवारी तर बाकावर जागा नसते. अल्हाजी म्हणतात, एवढ्या आरामाची नोकरी मलाही द्या.

तुम्ही पत्रे बसवणार असाल तर खुशाल बसवा. फक्त माझ्यासारख्याला भंगारात घालण्याआधी बघा, तुमच्या दारी माणसं कशाच्या आवाजावर येतात.

रसाकीने दोरी धरली. कानावर हात ठेवा.