काळ्यातले निळे

सुकलालच्या नाकावर राग बारमाही मुक्कामाला असायचा, पण त्या रविवारी तो नाकावरून उतरून घरभर फिरला.

"हाई काया निया मा कोनी टाकं?"

निळ्या ठोकळ्यांच्या टोपलीत काळा ठोकळा कोणी टाकला, एवढंच विचारायचं होतं. पण आवाज असा लावला की शेजाऱ्यांच्या खोलीत निजलेलं तान्हं जागं होऊन रडायला लागलं. सुभद्राबाई चुलीपुढून हललीसुद्धा नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याच्या ओरडण्याचे सगळे प्रकार पाठ झाले होते, आणि हा त्यातला नवा, गेल्या दिवाळीपासूनचा होता.

"कोनी नही टाकं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पांडेसरा या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आता माणसांपेक्षा ठोकळेच जास्त झाले होते. एकात एक अडकवून घरं, मोटारी, पूल बांधायचे ते प्लॅस्टिकचे ठोकळे. घोडदोड रोडवरच्या फ्लॅटांतली पोरं तेव्हा व्हिडिओ गेमला चिकटली होती, आणि मामा-काकांनी परदेशातून आणलेली ही खेळणी माळ्यावर धूळ खात पडली होती. कारखान्यात सुकलालच्या हाताखाली काम करणाऱ्या निंबाची बायको तिकडे भांडी घासायला जायची. ती एक दिवस पिशवीभर ठोकळे घेऊन आली आणि गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, हे धुऊन विकू, शिबिराचा खर्च निघेल.

शिबिर होतं मोतीबिंदूचं. एक ट्रस्टचं हॉस्पिटल ऑपरेशनं फुकट करायला तयार होतं, पण माणसं नेणं-आणणं, जेवण, औषधं आणि काळे चष्मे मंडळाने बघायचे होते. चाळीस माणसांचे. त्यासाठी सुकलाल गल्लीबोळ पालथे घालून आला होता. म्हाताऱ्यांच्या खाटेवर बसून त्यांना झापायचा, "डोया दखाडाले लाज कसानी?" डोळे दाखवायला लाज कसली, म्हणजे. एकदम चाळीस नावं त्यानेच मिळवली.

पहिल्या विक्रीला मात्र सगळे ठोकळे एकाच ढिगात ओतले होते. गिऱ्हाईक यायचं, वाकून उपसायचं, कोणाला सगळे लाल हवे, कोणाला सगळे पांढरे, आणि कंटाळून निघून जायचं. तेव्हा सुकलालने जाहीर केलं, आता रंगवार पाकिटं करायची, आणि ती मी करणार.

त्याच्याशिवाय दुसरं करणार तरी कोण? सुकलाल म्हणजे डाइंगच्या कारखान्यातला शेड मास्तर, कापडाला रंग बरोबर बसला की नाही ते ठरवणारा. मशीनमधून काढलेला कापडाचा तुकडा उत्तरेच्या खिडकीपाशी धरायचा, डोळे बारीक करायचा आणि सांगायचा, लाल जरा कमी पडला. पटलं तर चिठ्ठीवर लिहायचा "पास" आणि खाली सही. ती सही झाल्याशिवाय मशीनमधून एक साडी बाहेर यायची नाही. बावीस वर्षं त्या डोळ्यांवर घर चाललं होतं. हा गडी बाजारात वांगीसुद्धा एका शेडची नाहीत म्हणून परत करायचा.

अलीकडे मात्र त्याला सगळं जगच कामात कुचराई करताना दिसत होतं. खिडकीची काच कोणी नीट पुसत नव्हतं. तीन वेळा पुसून घेतली. ट्यूबलाइट मंद होती, बदलली. नवीही मंदच निघाली. मग त्याने कारखान्यांच्या चिमण्यांच्या धुराला शिव्या घातल्या.

आणि सखाराम. सखाराम कापड रंगवायचं जेट मशीन चालवायचा. तीन दिवसांपूर्वी रिंग रोडच्या व्यापाऱ्याने काळ्या साड्यांचा आख्खा लॉट परत पाठवला, म्हणे ह्या काळ्या नाहीत, नेव्ही ब्लू आहेत. चिठ्ठीवर सही सुकलालची. सुकलालने कपाळावरची शीर फुगवून शेठला सांगितलं, मी काळं बघूनच पास केलं होतं, मागून याने घोळ घातला असणार. सखारामने खूप हातापाया पडून पाहिलं. शेठने त्याला घरी बसवलं आणि सुकलालला म्हणाला, येता सोडून पुढच्या सोमवारी सांग, याला ठेवायचा की काढायचा.

तो सोमवार आठ दिवसांवर आला होता, आणि इथे घरात कोणी निळ्यात काळे मिसळत होतं!

त्याने दबा धरून चोर पकडला. संध्याकाळी तो अंघोळीला गेला आणि अर्ध्यातून बाहेर आला, तर सुभद्राबाई त्याच्या काळ्यांच्या टोपलीतून ठोकळे वेचून निळ्यांत टाकत होती. शेजारी बसून निंबाही तेच करत होता. ज्याला हाताला धरून रंग शिकवला, तो निंबा!

"मास्तर, आयका ते खरं," निंबा म्हणाला.

"तू माले रंग शिकाडशी?"

टोपली लाथाडली गेली. ठोकळे पार मोरीपर्यंत घरंगळले. सुभद्राबाईने डालडाच्या डब्यात जपून ठेवलेले, ठोकळ्यांसोबत आलेले पिवळ्या तोंडाचे बोटभर बाहुलेही सांडले. कोणाची टोपी एकीकडे, कोणाचे केस दुसरीकडे. ती मुकाट्याने एकेकाच्या डोक्यावर केस बसवत राहिली, आणि त्याने निंबाला दार दाखवलं. आता कोणी हात लावायचा नाही. मी एकटा निवडणार, एकटा भरणार, एकटा चिकटपट्टी लावणार.

सहा दिवस त्याने तेच केलं. कामावरून आला की आतल्या खोलीचं दार लावून बसायचा. मान मोडून यायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, दोन ठोकळे शेजारी धरून तो इतका वेळ बघत बसायचा की हातात कळ यायची. पण बेट्याने हट्ट सोडला नाही. प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घातली, "पास", आणि खाली कारखान्यात करायचा तश्शीच सही. आता कोण घोळ घालतो ते बघतोच, असं तो मनात म्हणाला.

रविवारी पाचच्या सुमाराला चौपाटीच्या बागेबाहेर त्याने टेबल मांडलं. निंबा बोलावलं नसताना आला आणि मुकाट्याने खोक्यांच्या सुतळ्या सोडू लागला. विक्री बरी चालली. पाऊण तासाने एक गुजराती बाई मुलीचा हात धरून परत आली.

"काका, काळा मांग्या हता. आमां तो अडधा ब्लू छे."

"बेन, असं होणारच नाही," सुकलाल म्हणाला. "मी स्वतः भरलंय."

मुलीने पाकीट बाकावर ओतलं आणि खेळता खेळता दोन ढीग केले. पोर बघतसुद्धा नव्हती. उचलायची आणि टाकायची, हा इकडे, हा तिकडे. भर उजेड होता, ऊन उतरलेलं असलं तरी लख्ख. सुकलालने या ढिगाकडे पाहिलं, त्या ढिगाकडे पाहिलं. दोन्ही ढीग काळे होते.

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. "तुम्ही घरून बदलून आणलेत!"

बाई तोंडाला तोंड देणारी होती. तिने टेबलावरचं दुसरं, न उघडलेलं पाकीट उचललं, त्याच्या डोळ्यांसमोर चिकटपट्टी फाडली आणि मुलीपुढे ओतलं. पुन्हा तेच. हा इकडे, हा तिकडे. मधे चिठ्ठी पडली होती, पास, सुकलाल.

शिवी द्यायला त्याने तोंड उघडलं, पण द्यायची कोणाला ते सुचेना. सुभद्रेने हात लावला नव्हता. निंबाने लावला नव्हता. दार आतून बंद होतं.

"निंबा," तो म्हणाला, "खरं सांग."

निंबाने खाली पाहिलं. "अर्धा निया शेत, मास्तर." अर्धे निळेच होते.

त्याने उरलेली पाकिटं गुंडाळली आणि घर गाठलं. आल्यावर चप्पलही न काढता सुभद्राबाईपुढे उभा राहिला. "कवपाईन?" कधीपासून, एवढंच त्याने विचारलं.

"दिवाळीपाईन," ती म्हणाली. "सांगाले गवू ते तुम्ही ताट सरकाई दिधं." ती सांगायला गेली, तर त्यानेच ताट सरकवलं होतं. आणि मग, तिकडे कारखान्यातही निंबा त्याच्या माघारी चिठ्ठ्या पुन्हा तपासायचा, हेही तिने सांगून टाकलं. साड्यांचा तो लॉट निघाला त्या दिवशी निंबा रजेवर होता.

सुकलालला संताप आला. बायकोचा, निंबाचा, त्याच्या चोरट्या उपकाराचा. एवढ्या दिवसांत एकाने तरी तोंडावर बोलायचं होतं! पण कोणी बोललं असतं तर आपण त्याचं काय केलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सखारामचं काय केलं, ते तर डोळ्यांपुढेच होतं. चार पोरांचा बाप दहा दिवस घरी बसून होता, या सहीपायी.

सोमवारी शेठने विचारायच्या आधीच त्याने बागेत परत आलेलं पाकीट आणि परत आलेल्या लॉटची चिठ्ठी शेजारी शेजारी टेबलावर ठेवली. दोन्हींवर एकच सही.

"शेठ, सखाराम को बुला लो. माल मैंने पास किया था. मुझे नीला काला दिखता है."

"एटले भूल तारी?" म्हणजे चूक तुझी, असं शेठने विचारलं.

"मेरी," तो म्हणाला.

शेठने कपाळाला हात लावला. मग निंबाला खिडकीपाशी बसवलं आणि सुकलालला साड्यांच्या घड्या घालायला पाठवलं. ऑपरेशन होऊ दे, पुढचं पुढे बघू, म्हणाला. घडी खात्यातून खिडकी दिसत होती. निंबा कापड खिडकीबाहेर काढून उन्हात धरत होता. सावलीत धर, गाढवा, असं सुकलालच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. मंगळवारी सखाराम कामावर आला. ट्रॉली ढकलत त्याच्या पुढ्यातून गेला, एकदा नाही, दिवसात पाच वेळा, आणि पाचही वेळा त्याने सुकलालकडे पाहिलं नाही. माफी मागायची म्हणून सुकलाल संध्याकाळी त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत फिरला. त्याला स्वतःचाच फार राग आला.

शिबिराची यादी निंबाकडे होती. तुमच्यासाठी एखाद्याला पुढच्या खेपेला ढकलतो, तो म्हणाला. सुकलाल त्याच्यावर खेकसला आणि चाळीस नावांच्या खाली एक्केचाळिसावं नाव स्वतःचं लिहिलं. म्हणजे एक चष्मा जास्त, एका माणसाचं जेवण जास्त. म्हणजे आणखी पाकिटं.

रविवारी सकाळी आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. उरलेली आणि परत आलेली सगळी पाकिटं जमिनीवर ओतली होती. सुकलाल एका बाजूला बसला, सुभद्राबाई दुसऱ्या बाजूला, मधे दोन टोपल्या. त्याने एक ठोकळा उचलला आणि सवयीने खिडकीकडे धरला. फिरवून पाहिला. मग बायकोपुढे केला.

"हाऊ कोनता?"

"निया."

त्याने पुन्हा एकदा पाहिलं. ठोकळा काळाच होता, चुलीतल्या कोळशाइतका काळा. त्याने तो निळ्यांच्या टोपलीत टाकला आणि दुसरा उचलला.