राहीचं भांडं

मी राहीचं भांडं बोलतोय. भांडं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तपेली, कळशी, गंज असलं काहीतरी आलं असेल. येऊ द्या. तुमचीच नव्हे, एका अख्ख्या लग्नघराची अशीच फसगत झाली होती. तीच हकिकत सांगायला मी बसलोय. म्हणजे बसतात ते माझ्यावर, मी कुठला बसतोय!

उगाच आडपडदा कशाला? लहान मुलांना शी करायला बसवतात ते भांडं मी. जन्म विलायतेतला, रंग पिवळाधमक, मागच्या बाजूला धरायला एक कान. आसारामनं मला तिकडच्या बाजारातून आणलं. आसाराम मूळचा शेवगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. शिकला आणि विलायतेत मोटारीच्या कारखान्यात लागला. बायको पुष्पावती नगरची. आणि त्यांची अडीच वर्षांची लेक राही, ती माझी मालकीण. फार मानी! माझ्याशिवाय दुसरीकडे कुठे म्हणून बसायची नाही.

तिकडे शेजारच्या घरी माझ्यासारखंच एक पिवळं भांडं होतं. अदलाबदल नको म्हणून पुष्पावतीनं नखांच्या लाल रंगानं माझ्या पोटावर ठळक नाव घातलं, ‘राही’. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच की, त्यात काय मोठंसं! पण सगळी गोम इथंच आहे.

कारण राहीबाई हे आसारामच्या आईचं नाव. परमुलखात आईची आठवण अनावर झाली आणि गड्यानं लेकीला तिचंच नाव ठेवून टाकलं. जित्या माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत, हे त्याला बारसं झाल्यावर आठवलं. मग घाबरून पत्रात नुसतं ‘बाळी’ लिहायला लागला. समक्ष भेटलो की सांगू, असं म्हणून त्यानं दोन वर्षं काढली.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात आसारामच्या धाकट्या बहिणीचं, भागूचं, लग्न निघालं. पुष्पावतीनं मला साबणानं, मग उकळत्या पाण्यानं, मग औषध घालून धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी घातलं. एवढी आंघोळ मला जन्मात कुणी घातली नव्हती.

प्रवासाचं काय सांगू! विमानातल्या संडासानं ‘घर्रर्र’ केलं आणि राहीनं तिथंच असहकार पुकारला. मुंबईत नाही, एस्टीत नाही, नगरच्या स्टँडवर तर नाहीच नाही. पुष्पावती तिच्या पोटावर हात फिरवायची आणि म्हणायची, “घरी गेलं की देते हं तुझं भांडं.” मी ट्रंकेत धडपडत होतो. माझी कुणाला गरज आहे आणि मी कुलपात, याहून वाईट काय असतं सांगा!

बैलगाडी वस्तीवर पोचली. भाकरतुकडा ओवाळून झाला, आणि राहीबाईंनी पहिलं काम काय केलं, तर ट्रंक उघडली. सासूचा तो हक्कच. टॉवेल सुटला नि मी झळकलो.

“आगं बया! कसलं झ्याक भांडं!” राहीबाई म्हणाल्या. “सूनबाई, काय म्हनायचं ह्येला?”

ओसरीवर चुलतसासरे, मामेसासरे, सगळा पुरुषवर्ग बसलेला. त्यांच्यापुढे पुष्पावती काय बोलणार, कपाळ! पदर सावरत ती इतकंच म्हणाली, “भांडं आहे, आत्याबाई. रोजच्या... वापरातलं.”

“आन ह्ये लाल काय लिव्हलंय?”

आसारामचे चुलते गहिनीतात्या चौथी पास. त्यांनी मला डोळ्यांजवळ धरून वाचलं, “रा... ही. वैनी, आवो तुमचं नाव घातलंय की!”

राहीबाई मटकन खालीच बसल्या. त्या घरात भांडी काय थोडी होती? पण हंड्यावर सासऱ्यांचं नाव, घंगाळावर नवऱ्याचं, आणि लग्नात आलेल्या परातीवर कुणा भलत्याच आप्पांचं. राहीबाईंनी चाळीस वर्षं सगळी घासली, त्यांचं नाव एकावरही नव्हतं. त्यांनी मला छातीशी धरलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “माझ्या आसारामनं माझ्या नावाचं भांडं आनलं गं!”

आता सांगा, कोण तोंड उघडणार? पुष्पावतीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, “तुम्ही सांगा.” तो म्हणाला, “आईला? मी? तूच सांग.” दोघांची अशी टोलवाटोलवी चालली आणि मी गेलो रुखवतात.

व्हय, रुखवतात! लेकीच्या लग्नात जिन्नस मांडून नवऱ्याकडच्यांना दिपवायचं असतं ना, तिथं. मधोमध पाट, पाटावर मी, आणि माझ्यात शिगोशीग करंज्या. आयुष्यात माझ्या पोटात काय काय पडलं, पण खोबऱ्याचं सारण हे पहिल्यांदाच. राहीबाई येईल त्या बाईला हाताला धरून आणायच्या, “बग, माझ्या नावाचं हाय.” रात्री मला करंज्यांसकट उशाशी घेऊन झोपायच्या.

इकडे राहीचं पोट नगाऱ्यासारखं झालं. भागूआत्यानं तिला बांधावर नेलं, तर एक शेळी येऊन टक लावून बघत राहिली. राही भोकाड पसरून परत आली. ओवा झाला, एरंडेल झालं, गरम पाणी झालं. पोर जेवेना की हसेना. बायका विचारायच्या, “नाव काय गं तुजं?” ती रडत रडत सांगायची, “मी राही!” बायकांना वाटायचं, ‘राहीन’ म्हणतेय. “ऱ्हा गं माय, चांगली म्हयनाभर ऱ्हा,” म्हणून त्या तिचे गालगुच्चे घ्यायच्या. आणि पुष्पावतीची पंचाईत अशी, की सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, म्हणून पोटच्या पोरीला तिच्या नावानं हाकसुद्धा मारता येईना.

लग्नाच्या दिवशी सकाळी पुष्पावतीचा धीर सुटला. “आता डॉक्टर तरी गाठा, नाहीतर आईला सांगा,” ती आसारामला म्हणाली. “पोरीचं काही झालं तर मी तुमचं तोंड बघायची नाही.” आसाराम मान खाली घालून आईकडे निघाला खरा, पण तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला आल्या.

पुढे वरमाय आक्काबाई. पाथर्डीकडची करारी बाई, नाकात नथ आणि नाकावर राग. त्यांनी एक करंजी उचलली, मला गरागरा फिरवून पाहिलं. “बूड रुंद हाय. कान बी एकच. पर भांडं दनकट हाय.” मग करंजी चावत म्हणाल्या, “इहीनबाई, ह्ये आमाला मानात पायजे.”

“दुसरं काय बी मागा,” राहीबाई म्हणाल्या. “ह्येच्यावर माझं नाव हाय.”

“मंग आमी न्हाई मांडवात येत!” आक्काबाईंनी पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. वरमाय रुसली! बाहेर ताशा थांबला. भागू बाशिंगासकट रडायला लागली. राहीबाई मला गच्च धरून उभ्या, मला देववेना आणि लग्नही मोडू देववेना.

एवढ्यात बायकांच्या पायांतून एक फ्रॉक घुसला. “माय पॉटी!” अशी विलायती आरोळी उठली. राहीनं आजीच्या हातून मला हिसकलं, उपडं केलं, करंज्या घरंगळत आक्काबाईंच्या मांडीपर्यंत गेल्या, आणि मला सरळ करून मालकीण माझ्यावर विराजमान झाली.

 मग जो आवाज झाला, त्याचं वर्णन मी करणार नाही. ताशेवाला मात्र चमकून आत डोकावला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पोरगी मोकळी झाली आणि लख्ख हसली.

आक्काबाईंच्या हातात अर्धी करंजी तशीच. “शीऽऽ! ह्ये... ह्ये त्यातलं भांडं?”

“उकळत्या पाण्यानं धुतलंय हो!” पुष्पावती कळवळून ओरडली. मीही ओरडलो, पण माझं तोंड बंद होतं.

राहीबाई पांढऱ्याफटक पडल्या. हळूच म्हणाल्या, “मंग ह्ये नाव... माझं न्हाई?”

आसाराम पुढे झाला. बाप्या गडी, पण आवाज रडवेला. “तुझंच हाय, आये. पोरीला तुझंच नाव ठिवलंय. तुझी लई आठवन यायची. जित्या मानसाचं ठिवत न्हाईत म्हून तुला सांगायला भ्यालो.”

राहीबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं, मग माझ्यावर बसलेल्या नातीकडे. मुद्दाम मोठ्यानं विचारलं, “काय गं, नाव काय तुजं?”

“मी राही,” पोर म्हणाली.

“मी बी राहीच!” म्हातारीनं तिथंच फतकल मारली आणि तिचा मुका घेतला. आक्काबाईंनी नाकाला पदर लावत टोमणा हाणला, “चांगल्या ठिकानी नाव घातलं हो इहीनबाई तुमचं!”

“आसूं द्या की,” राहीबाई म्हणाल्या. “बाईचं नाव भांड्यावर पडतं ते ती मेल्यावर, म्होरं ‘कैलासवासी’ लावून. माझं जित्तेपनी पडलं. बोला, न्यायचं का तुमाला मानात?”

“नगं बया!” म्हणून आक्काबाई तडक मांडवात जाऊन उभ्या राहिल्या. लग्न वेळेवर लागलं.

आसाराम-पुष्पावती परत निघाले तेव्हा राहीबाईंनी मला सोडलं नाही. नात एव्हाना आजीचं बोट धरून बांधावर जायला शिकली होती, शेळीबिळीला भीत नव्हती. मी वस्तीवरच राहिलो. तेव्हापासून माझ्यावर भागूची पोरं बसली, शेजारपाजारची बसली, आक्काबाईंचा नातूसुद्धा बसला. आता माझा कान तुटलाय आणि रंग उडून मी ताकासारखा झालोय. पण नाव पुसट झालं की राहीबाई कुणाकडून तरी ते पुन्हा गिरवून घेतात.

तर मंडळी, येतो. एवढंच मागणं आहे. पुढच्या खेपेला भांड्यावर नाव घालायची वेळ आली, तर ते घासतं कोण हे बघा आणि तिचं घाला. आणि जरा बरं भांडं निवडा बुवा!